उन्हाळी संशोधनासाठी आठ आठवडे बेंगळुरूला जाताना: राहणे, प्रवास आणि इतर व्यवस्था

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

गेली चार वर्षे मी बेंगळुरूत पीएचडी करते आहे. त्याच्याही आधी, बीएस्सीचे दुसरे वर्ष संपल्यावर, सांगलीहून याच शहरात उन्हाळी संशोधनासाठी दोन महिने येऊन गेले होते. त्यामुळे दर मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत बॅगा घेऊन दाखल होणारी मुले पाहिली की मला माझा पहिला आठवडा आठवतो, आणि तो मी खोली शोधण्यात, बादली-मग विकत घेण्यात आणि चुकीच्या बसमध्ये बसण्यात घालवला होता हेही आठवते. तीन विज्ञान अकादम्यांची एकत्रित शिष्यवृत्ती, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची स्वतःची उन्हाळी योजना, किंवा एखाद्या प्राध्यापकांना थेट पत्र लिहून मिळवलेली जागा, यांपैकी कोणत्याही मार्गाने तुम्ही येत असलात तरी मुक्काम साधारण आठ आठवड्यांचा असतो. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. त्यातले आठ रविवार वजा केले की ४८ उरतात, आणि पुढे मी जे सांगणार आहे ते या ४८ दिवसांचा हिशोब डोक्यात ठेवूनच सांगणार आहे.

सर्वांत आधी आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहावे. आपल्याकडील उन्हाळी सत्राच्या परीक्षा मे महिन्यात बऱ्याच आतपर्यंत लांबतात आणि प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख तर कधी कधी चार दिवस आधी कळते. निवडीचे पत्र हाती आले की त्याच आठवड्यात मार्गदर्शकांना आपल्या परीक्षेच्या संभाव्य तारखा कळवाव्यात, कारण ‘आठ दिवस उशिरा रुजू होऊ का’ हा प्रश्न मार्चमध्ये विचारला तर सहज होकार मिळतो आणि १० मे रोजी विचारला तर समोरचा माणूस अडचणीत येतो. महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि प्राचार्यांचे ना हरकत पत्र एप्रिलमध्येच, सही-शिक्क्यासह, दोन मूळ प्रतींत घेऊन ठेवावे. मे महिन्यात कार्यालय उघडे असते, पण ज्यांची सही हवी ते प्राचार्य जागेवर सापडतीलच असे नाही.

राहण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. संस्थेच्या आवारातल्या वसतिगृहात जागा मिळत असेल तर ती कशीही असली तरी घ्यावी, आणि मिळत नसेल तर प्रयोगशाळेपासून पायी अर्ध्या तासाच्या आत पीजी, म्हणजे भाड्याने राहण्याची खासगी जागा, शोधावा, मग त्यासाठी महिना हजार-दोन हजार रुपये जास्त मोजावे लागले तरी हरकत नाही. वसतिगृहाची चौकशी ‘सोय होईल ना?’ अशी मोघम करू नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खोली मिळेल, गादी आहे की फक्त पलंग आहे, आणि उन्हाळ्यात मेस चालू असते का, हे कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर लेखी घ्यावे. बाहेर राहायचे झाल्यास भारतीय विज्ञान संस्थेसाठी मल्लेश्वरम, यशवंतपूर आणि मत्तिकेरे हे भाग जवळ पडतात. रामन संशोधन संस्था सदाशिवनगरात आहे, पण तो बंगल्यांचा महागडा भाग असल्यामुळे तिथली मुलेही बहुधा मल्लेश्वरमच्या बाजूलाच राहतात. जैवविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र, म्हणजे एनसीबीएस, कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात आहे, त्याला सहकारनगर जवळ. जक्कूरसाठी जक्कूर गाव किंवा यलहंका. खगोलभौतिकीची संस्था मात्र पार दुसऱ्या टोकाला, कोरमंगलात आहे, त्यामुळे ‘बेंगळुरूत पीजी पाहून ठेवला आहे’ या वाक्याला कोणता भाग ते सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

पीजी घेताना भाड्यापेक्षा अनामत रकमेची बोलणी नीट करावीत. येथील बहुतेक पीजी-मालक सोडण्यापूर्वी एक महिन्याची सूचना मागतात आणि ती दिली नाही तर अनामत रक्कम परत देत नाहीत. आपला मुक्कामच दोन महिन्यांचा असल्यामुळे ही सूचना पहिला महिना संपतानाच द्यावी लागते, आणि तोपर्यंत आपण शहराला नुकते कुठे सरावलेलो असतो. म्हणून आत येण्याच्या दिवशीच ‘मी अमुक तारखेला खोली सोडणार आहे’ असा संदेश व्हॉट्सॲपवर पाठवून त्यावर मालकाचा होकार घ्यावा. माझ्या पहिल्या पीजीत ‘देखभाल शुल्क’ या नावाखाली अर्धी अनामत कापली गेली होती आणि मी वाद घालायला गेले तेव्हा भिंतीवर कन्नडमध्ये लावलेला नियमांचा कागद मला दाखवण्यात आला. ओळखीसाठी आधारची प्रत मागतात, ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारी, पहिले आठ अंक झाकलेली द्यावी. पाणी कावेरीचे येते की बोअरचे, हेही विचारावे. २०२४च्या उन्हाळ्यात इथे पाण्याचे जे हाल झाले, त्यानंतर हा प्रश्न विचारण्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

आता प्रवास. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १५ मेला निघायचे असेल तर १६ मार्चला सकाळी आठ वाजता तयार राहावे, कारण मे महिन्याच्या सुट्टीत प्रतीक्षा यादीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. १५ मेपासून ५६ दिवस म्हणजे १० जुलै, आणि त्या दिवशीचे परतीचे आरक्षण ११ मेला, म्हणजे तुम्ही घरीच असताना उघडते, तेव्हा तेही निघण्यापूर्वीच काढून टाकावे. तात्काळवर अवलंबून राहणार असाल तर जुलै २०२५पासून त्यासाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले असावे लागते, हे लक्षात ठेवावे. मुंबई, पुणे आणि सोलापूरच्या मुलांना उद्यान एक्सप्रेस आहे, सांगली-मिरजेकडच्यांना रात्रीची राणी चन्नम्मा आहे, नांदेडहूनही थेट गाडी आहे. तिकीट काढताना उतरण्याचे स्थानक मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. मॅजेस्टिक या मध्यवर्ती भागाजवळचे मुख्य स्थानक, यशवंतपूर आणि २०२२मध्ये सुरू झालेले विश्वेश्वरय्या टर्मिनल ही तीन वेगवेगळी ठिकाणे आहेत. विज्ञान संस्थेत जाणाऱ्याला यशवंतपूर सर्वांत जवळचे, आणि टर्मिनलला उतरलात तर शहराच्या पूर्व टोकाला, जिथे मेट्रो दारात नाही, तिथे दोन बॅगा घेऊन उभे राहाल. कोल्हापूर, बेळगावमार्गे बसने येणाऱ्यांची गाडी तुमकुरू रस्त्याने शहरात शिरते, त्यामुळे मॅजेस्टिकपर्यंत न जाता गोरगुंटेपाळ्यापाशी किंवा यशवंतपूरला उतरल्यास सकाळचा तासभर वाचतो.

सामानाबद्दल एकच सांगते. संसार मांडायला येऊ नका. चादर, पातळ पांघरूण, छत्री, एक हलका स्वेटर, प्रयोगशाळेसाठी बंद बूट आणि सुती, पूर्ण बाह्यांचे व पूर्ण लांबीचे कपडे, इतके पुरते. जळगाव-अकोल्याकडच्या मुलांना स्वेटरचे हसू येते, पण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि मेअखेरीस संध्याकाळचा वळवाचा पाऊस सुरू झाला की हवा एकदम उतरते. शिवाय उपकरणांच्या खोल्यांतली वातानुकूलन यंत्रे माणसांसाठी नव्हे, उपकरणांसाठी लावलेली असतात. बादली, मग, हँगर आणि कुलूप इथे येऊन घ्यावे.

तुमचे प्रश्न विचारावेत, मला जमेल तशी उत्तरे देईन.

ज्वारीचं_कणीस

ताई, अत्यंत उपयुक्त माहिती दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मी सोलापूरचा असून भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला जक्कूरच्या भागातील एका प्रयोगशाळेत मे ते जुलै या काळासाठी जागा मिळाली आहे. वसतिगृहात यंदा जागा नाही असे प्राध्यापकांनी कळवले आहे. माझी सख्खी मावशी इलेक्ट्रॉनिक सिटीमध्ये राहते, तिचे घर मोठे आहे आणि तिने ‘दोन महिने हक्काने राहा’ असे आईला सांगूनही टाकले आहे. आईचे म्हणणे असे की मावशीचे घर असताना मी पीजीत राहिलो तर ते नात्यात बरे दिसणार नाही, आणि बाबांचे म्हणणे असे की वीस-पंचवीस हजार रुपये वाचतात ते का सोडायचे. गेल्या ऑगस्टपासून, म्हणजे २०२५पासून, इलेक्ट्रॉनिक सिटीला मेट्रोही आली आहे, तेव्हा रोज ये-जा करणे जमेल का, हे कृपया सांगावे.

कृष्णाकाठ

नकाशा उघडून पाहा. इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि जक्कूर उत्तरेला, विमानतळाच्या रस्त्यावर. मधले अंतर सुमारे ३५ किलोमीटर भरते. मेट्रोने तुम्ही आर. व्ही. रोडपर्यंत याल, तिथे हिरव्या मार्गावर बदलून मॅजेस्टिकला उतराल आणि पुढे बस धराल, कारण जक्कूरकडे मेट्रो अजून पोहोचलेली नाही, तिचे काम चालू आहे. ही बस हेब्बाळच्या उड्डाणपुलाशी अडते. सगळे सुरळीत झाले तरी एका वेळचे दोन तास धरावेत. रोजचे चार तास, ४८ दिवसांचे १९२ तास, आणि आठ तासांचा एक कामाचा दिवस मानला तर २४ दिवस. मावशींच्या घरी राहून तुम्ही अर्धे उन्हाळी संशोधन रस्त्यावर कराल.

हे पैशांतही मोजता येते. मेट्रोचे भाडे फेब्रुवारी २०२५मध्ये वाढले आणि कमाल तिकीट ९० रुपयांचे झाले. त्यात बसचे भाडे आणि उशीर झाला की रिक्षाचे भाडे मिळवा, म्हणजे बाबा ज्या बचतीबद्दल बोलत आहेत ती केवढी उरते ते दिसेल. आईंना मात्र हिशोबाने नव्हे, नात्यानेच समजवावे लागेल. पहिले तीन-चार दिवस मावशींकडे उतरा, खोली पाहायला जाताना त्यांनाच सोबत न्या आणि दर शनिवारी रात्री मुक्कामाला जा. मावशींना पाहुणा मिळतो, तुम्हाला आठवड्यातून एकदा घरचे जेवण मिळते आणि खोली त्यांनी पाहिलेली असल्यामुळे आईही निश्चिंत होते.

मध्यममार्गी

धागाकर्तीचे गणित बरोबर आहे, पण ते सर्वांना सारखेच लागू पडते असे मला वाटत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी दोन महिन्यांचे भाडे आणि अनामत रक्कम आधी भरण्याइतके पैसे हातात असतातच असे नाही, आणि नातेवाइकांचे घर हा अशा मुलांसाठी एकमेव मार्ग असू शकतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी बनशंकरीला काकांकडे राहून यशवंतपूरला जात-येत होतो. मेट्रोच्या त्या तासात मी बरेच शोधनिबंध वाचले, हेही नोंदवतो. दुसरे असे की ज्यांचे काम सैद्धांतिक किंवा संगणकावरचे आहे, त्यांनी मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे की आठवड्यातून दोन दिवस घरून काम केले तर चालेल का. काही मार्गदर्शक आनंदाने होकार देतात. हा प्रश्न न विचारता तिसऱ्या आठवड्यात परस्पर गैरहजर राहणे मात्र वाईट.

कृष्णाकाठ

तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि बनशंकरी ते यशवंतपूर हा प्रवास एकाच मेट्रोमार्गावर असल्यामुळे तो खरोखरच निभावण्यासारखा आहे. त्यामुळे माझा नियम जरा बदलून सांगते: घरापासून प्रयोगशाळेपर्यंत वाहन न बदलता पाऊण तासाच्या आत पोहोचता येत असेल तर नातेवाइकांकडे अवश्य राहावे. ज्यांचे काम पेशी वाढवण्याचे, प्राण्यांवरचे किंवा रात्रभर चालणाऱ्या उपकरणावरचे आहे, त्यांनी मात्र जवळच राहावे, कारण पेशींना रविवार कळत नाही. घरून काम करण्याबाबतही एक सावधगिरी सांगते. उन्हाळी विद्यार्थी जे शिकतो त्यातले निम्मे शेजारच्या टेबलावरचा पीएचडीचा विद्यार्थी चहा पिताना सांगतो, आणि ते घरी बसून मिळत नाही.

आकाशकंदील_५

मी विद्यार्थी नसून पालक आहे. लातूरला राहतो. आमची मुलगी जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे आणि ती प्रथमच घराबाहेर राहणार आहे. मल्लेश्वरममध्ये मुलींच्या एका पीजीची चौकशी केली, तेव्हा रात्री साडेनऊला दार बंद होते असे मालकीणबाईंनी सांगितले आणि आम्हाला ते ऐकून बरेच वाटले. मुलगी मात्र म्हणते की प्रयोग रात्री दहापर्यंत चालला तर काय करायचे? तिचे म्हणणे योग्य आहे की आमचे, हे अनुभवी लोकांनी सांगावे. तसेच कर्नाटकात महिलांना बसप्रवास मोफत आहे असे ऐकले, त्याचा लाभ तिला मिळेल का?

कृष्णाकाठ

काका, बसचे आधी सांगते. शक्ती योजना ११ जून २०२३ला सुरू झाली आणि ती कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे. वाहकाला इथला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. लातूरच्या पत्त्याच्या आधारवर तिला शून्य रुपयांचे तिकीट मिळणार नाही, आणि मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका मुलीला भर बसमध्ये ही गोष्ट कळली तेव्हा तिच्याकडे सुटे पैसेही नव्हते. महानगर परिवहनचा मासिक पास काढावा, किंवा राहणे जवळ असेल तर त्याचीही गरज पडत नाही.

दाराच्या वेळेबाबत मुलीचे म्हणणे बरोबर आहे, असे मी आदरपूर्वक सांगते. साडेनऊला बंद होणारे दार वरवर सुरक्षित वाटते, पण प्रयोग लांबला की मुलगी नऊ वाजता घाईघाईने काम अर्धवट टाकून निघते किंवा साडेनऊनंतर दाराबाहेर अडकते, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट. ज्या पीजीत मार्गदर्शकांचे किंवा विभागाचे पत्र दिल्यावर उशिरा येण्याची परवानगी मिळते, असा शोधावा. मल्लेश्वरम आणि मत्तिकेरेमध्ये असे पीजी आहेत, कारण तिथल्या मालकांना संशोधन करणाऱ्या मुलींची सवय आहे. रात्री उशिरा निघताना आवाराच्या फाटकापर्यंत सोबत कोण येणार, हे प्रयोगशाळेत आधीच ठरवून घ्यावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. स्थानिक पालक म्हणून कोणा परिचितांचे नाव आणि फोन तिच्याकडे असावा, आणि ११२ हा तातडीचा क्रमांक पाठ असावा.

अजून एक गोष्ट तिला सांगून ठेवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात प्रशिक्षणार्थींचाही समावेश आहे, त्यामुळे दोन महिन्यांसाठी आलेली विद्यार्थिनीही संस्थेच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. समितीचे सदस्य कोण आहेत हे संस्थेच्या संकेतस्थळावर असते. गरज पडू नये, पण वाचून ठेवावे.

थोडे विषयांतर करते. मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३मध्ये याच विज्ञान संस्थेत आल्या तेव्हा त्या वेळचे संचालक रामन यांनी त्या स्त्री असल्यामुळे प्रवेश नाकारला होता, आणि त्यांनी हट्ट सोडला नाही तेव्हा वर्षभर काम पाहून मग प्रवेश कायम करू, या अटीवर घेतले. त्यामानाने दाराची वेळ हा बराच सोपा प्रश्न आहे!

आकाशकंदील_५

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मुलीला हे वाचून दाखवले, आणि ‘मी हेच सांगत होते’ असे ऐकून घ्यावे लागले. दुसरा पीजी पाहतो.

टेस्टट्यूब

मी गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलो, म्हणून पैशांविषयी लिहितो, कारण त्याविषयी आम्हाला कोणीच काही सांगितले नव्हते. विद्यावेतन मिळते हे खरे आहे, परंतु ते पहिल्या तारखेला खात्यात येईल असे गृहीत धरू नये. रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकांची सही, लेखा विभाग असा त्याचा प्रवास असतो, आणि आमच्यापैकी काहींना ते घरी परतल्यानंतर मिळाले. त्यामुळे दोन्ही महिन्यांचे भाडे, अनामत रक्कम, जेवण आणि परतीचा प्रवास एवढे पैसे घरून निघतानाच खात्यात असले पाहिजेत. मी दोघांच्या खोलीत दोन वेळच्या जेवणासह महिन्याला ९,५०० रुपये आणि तितकीच अनामत भरली होती. हा फक्त माझा अनुभव आहे, यंदाचा दर ज्याने त्याने विचारून घ्यावा.

बँक खात्याविषयी मला अद्दल घडली. माझे खाते दहावीत असताना उघडलेले होते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी केवायसी केली नव्हती. विद्यावेतन जमा होण्याऐवजी परत गेले, आणि बँकेने सांगितले की मूळ शाखेत स्वतः यावे लागेल. मूळ शाखा परभणी जिल्ह्यात होती आणि मी बेंगळुरूत. तेव्हा निघण्यापूर्वी शाखेत जाऊन खाते चालू आहे ना, पॅन जोडलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. प्रवासखर्चाची परतफेड मिळणार असेल तर ती कोणत्या वर्गापर्यंत मिळते हे आधी विचारावे आणि तिकिटाची प्रत जपून ठेवावी.

बेळगावी_कुंदा

भाषेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते आणि शहरात हिंदीवरही बरेच निभावते, तरी रिक्षावाला, पीजीतल्या स्वयंपाकीणबाई आणि बसचा वाहक यांच्याशी चार शब्द कन्नडमध्ये बोलल्यास वागणुकीत फरक पडतो. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘ऊटा’ म्हणजे जेवण आणि ‘नीरु’ म्हणजे पाणी. ‘ननगे कन्नड बरोदिल्ला’ म्हणजे ‘मला कन्नड येत नाही’, आणि या वाक्याची घडण शब्दाला शब्द मराठीसारखी असल्यामुळे ते लगेच पाठ होते. अण्णा आणि अक्का तर आपल्याकडे आहेतच. ‘इथे कन्नड कशाला यायला हवे’ अशा वादात मात्र विद्यार्थ्यांनी शिरू नये. दोन महिने पाहुणे म्हणून आला आहात, पाहुण्यासारखे राहावे.

पत्त्यांचीही एक खोच आहे. इथे रस्त्यांना ‘मेन’ आणि त्यांना छेदणाऱ्या रस्त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात आणि दोघांनाही क्रमांक असतात, पण प्रत्येक वसाहतीचा पहिला मेन आणि पहिला क्रॉस वेगळा असतो. त्यामुळे ‘तिसरा मेन, आठवा क्रॉस’ एवढाच पत्ता लिहून घेतला तर तो शहरात अनेक ठिकाणी सापडेल. वसाहतीचे नाव आणि टप्पा किंवा ब्लॉक लिहिल्याशिवाय पत्ता पूर्ण झाला असे समजू नये.

जेवणाचे हाल होत नाहीत. दर्शिनी म्हणून उभ्याने खाण्याची स्वच्छ उपाहारगृहे कोपऱ्या-कोपऱ्यावर आहेत, तिथे इडली, खारा भात (म्हणजे तिखट उपमा), चौचौ भात (उपमा आणि गोड शिरा एकत्र) आणि कॉफीवर सकाळ स्वस्तात भागते. मात्र दुपारी-रात्री रोज भात खाऊन कंटाळलेल्या सोलापूर-लातूरच्या मंडळींनी उत्तर कर्नाटकी खानावळ शोधावी. पाटीवर ‘खानावळी’ असाच शब्द असतो आणि आत ‘जोळद रोट्टी’ म्हणजे आपली ज्वारीची भाकरी मिळते, सोबत शेंगदाण्याची चटणीही.

ज्वारीचं_कणीस

माझ्या नावाला जागणारा सल्ला दिल्याबद्दल बेळगावी_कुंदा यांचे विशेष आभार! मावशीशी बोललो. पहिले चार दिवस तिच्याकडे राहून ती स्वतःच माझ्याबरोबर यलहंका आणि जक्कूरला खोल्या पाहायला येणार आहे. बाबा अजून पूर्ण राजी नाहीत, परंतु २४ दिवसांचा हिशोब दाखवल्यावर त्यांनी ‘बघू’ असे म्हटले आहे. एक शेवटची शंका अशी की मला पहिल्याच दिवशी कार्यालयात काय काय करावे लागेल, आणि निघताना काय काळजी घ्यावी?

कृष्णाकाठ

पहिल्या दिवशी निवडीचे पत्र, बोनाफाइड, ना हरकत पत्र, ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराची सहा छायाचित्रे घेऊन सकाळीच कार्यालयात जावे. तात्पुरते ओळखपत्र, ग्रंथालयाची परवानगी आणि वायफायचे खाते यांचे अर्ज त्याच दिवशी भरावेत, कारण यांतले काही मिळायला दोन-तीन दिवस लागतात. आवारातील आरोग्य केंद्र उन्हाळी विद्यार्थ्यांना सेवा देते का, हे विचारावे. देत नसेल तर जवळचे रुग्णालय कोणते आणि घरच्या आरोग्य विम्यात आपले नाव आहे का, हे पाहून ठेवावे. रक्ताच्या नमुन्यांशी संबंध येणार असेल तर हिपॅटायटिस बीच्या लशीबद्दल मार्गदर्शकांना येण्यापूर्वीच विचारावे, कारण तिच्या मात्रा काही महिन्यांच्या अंतराने घ्यायच्या असतात आणि मे महिन्यात सुरुवात करून उपयोग नसतो.

निघण्याची तयारी सहाव्या आठवड्यात सुरू करावी. अहवालाचा कच्चा मसुदा मार्गदर्शकांना तेव्हाच द्यावा, कारण जुलैच्या सुरुवातीला तेही परिषदांना जातात आणि तुमचे प्रमाणपत्र सहीविना राहते. प्रयोगाची वही ही प्रयोगशाळेची मालमत्ता असते, ती घरी नेऊ नये. आपल्याला हव्या त्या पानांची छायाचित्रे परवानगी घेऊन काढावीत. फ्रीजमधल्या आपल्या नमुन्यांवर नाव, तारीख आणि त्यात काय आहे हे लिहून ते कोणाच्या तरी हाती रीतसर सोपवावेत. दर ऑगस्टमध्ये आम्ही ‘हे कोणाचे आहे’ असे विचारत निनावी नळ्या फेकत असतो. ग्रंथालय आणि मेसचे ना देय प्रमाणपत्र शेवटच्या दिवसावर ठेवू नये, कारण शेवटचा दिवस सुट्टीच्या दिवशी आला तर कार्यालयाला कुलूप सापडेल. पीजीतील अनामत रक्कम खोली सोडण्याच्या आदल्या दिवशी, खोली मालकाला दाखवून, यूपीआयवर परत घ्यावी. ‘नंतर पाठवतो’ याला मान्यता देऊ नये.

ज्वारीचं_कणीस

सर्व नोंदवून घेतले आहे. १६ मार्चला सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसलो होतो आणि उद्यान एक्सप्रेसचे १५ मेचे शयनयान तिकीट मिळाले. मावशी मॅजेस्टिकला घ्यायला येणार आहे. परतीच्या आरक्षणासाठी ११ मेचा गजर लावून ठेवला आहे.